संपलेला आजार

डॉक्टर शिरीन मुलाणींनी ओवीच्या पाठीतली सुई काढली, पण रिकामी बाटली हातातच धरून ठेवली.

"हेमाताई, पुढच्या महिन्यात येऊ नका. औषध येणार नाही."

"का हो?"

"कारखान्याने बनवणंच बंद केलं. आता प्रत्येक बाळाचं जनुक जन्मताच इंजेक्शनने दुरुस्त होतं. हा आजार कुणाला होतच नाही. एकटी ओवी उरली आहे."

"मग तेच इंजेक्शन हिला द्या ना!"

"मेंदूला इजा झाल्यावर ते लागू पडत नाही."

"आणि औषधही नसलं तर?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "मेंदूत विष साठत जाईल. आधी बोलणं जाईल, मग गिळणं."

"आई, घरी," ओवी म्हणाली. औषधाने तिचे तेवढे दोनच शब्द राखले होते.

हेमाने लेकीला उचलून खांद्याशी धरलं. बाहेरच्या बाकावर एक बाळंतीण बसली होती. नुकतंच इंजेक्शन दिलेलं तिचं तान्हं टाहो फोडत होतं.

"उगीच टोचतात हो," ती वैतागून म्हणाली. "कुणाला असतो तरी का हा आजार?"

हेमाने ओवीचं तोंड पदराआड घेतलं.

"कुणालाच नाही," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.