भोगवटादार

यंदा घरपट्टीचं बिल मंगल गुरवच्या नावावर आलं. घर तिचं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या काकूंना ती तिथे नऊ वर्षं सांभाळत होती. नव्या कायद्याप्रमाणे पट्टी मालकाने नव्हे, राहणाऱ्याने भरायची, आणि कोण राहतं ते नगरपरिषदेला घरच कळवायचं. या घराच्या फरशीला वर्षभर मंगलचीच पावलं ठाऊक होती.

काकूंचा मुलगा नचिकेत, घराचा मालक, बिलाचं कळताच बंगलोरहून तडक आला आणि दारातच थांबला. घराने त्याचे वर्षातले चार दिवस मोजले होते.

“पैशांचं नाही हो, मंगलताई,” तो म्हणाला. “पण पावती तुमच्या नावाने फाटली की उद्या घरावर हक्क सांगता येतो. तुम्ही इथे राहत नाही एवढं दाराला सांगा, म्हणजे नाव निघेल.”

“मला तरी कुठे हवंय, दादा? एवढी पट्टी भरू कुठून?” मंगलने पदराला हात पुसले आणि दारावरच्या बोलायच्या जाळीशी वाकून सांगितलं, “मी इथे राहत नाही. फक्त कामाला येते.”

“नोंद झाली,” दार म्हणालं. “आता तुमचा राहता पत्ता सांगा.”

मंगलच्या माहेरचं घर भावाने विकलं होतं, भाड्याची खोली तिने कधीच सोडली होती. तिने नचिकेतकडे पाहिलं. तो हातातल्या बिलाकडे बघत राहिला.

आतून काकूंची हाक आली, “मंगल, कोण आलंय गं?”