कवीचा बुरूज

गावातलं कवीचं घर पाहून कुमुदताई नवऱ्याला, म्हणजे सरांना, घेऊन पायवाटेनं पडक्या गढीवर आल्या. कवी ज्या बुरुजावर बसून लिहायचा, तो सरांना पाहायचाच होता. कुमुदताई पाण्याची बाटली पिशवीत ठेवेपर्यंत सर बुरुजाच्या ढासळलेल्या कडेला पोचले. खाली खोल दरी होती.

"अहो, इकडे या!"

सर वळले. नजरेत ओळख नव्हती. विस्मरणाच्या आजारात हल्ली असं व्हायचं.

"कोण तुम्ही?" घाबरून ते मागे सरकले. टाचेखालचा दगड निसटून दरीत गेला.

कुमुदताई जागीच थांबल्या. धरायला धावावं, तर ते आणखी मागे जातील. सरांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं होतं. कुमुदताईंनी कवीची ओळ मुद्दाम चुकीची म्हटली, "दगडादगडांतुनी ऊन ये..."

"ऊन कुठलं? चांदणे!" सर तावातावानं पुढे आले. "दगडादगडांतुनी चांदणे! पुन्हा म्हण."

"ऊन ये..."

सर अगदी समोर येऊन उभे राहिले. कुमुदताईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं, आणि त्यांना रडू फुटलं.

"रडतेस कशाला, बाळ?" सर नरमले. "उद्या पाठ करून ये."

"हो, सर," त्या म्हणाल्या.