तळ्याच्या पाण्याचा थेंब

बाकीच्यांच्या पेन्सिली चालू झाल्या, तरी भिंगरी सूक्ष्मदर्शकासमोर हात मागे बांधून उभीच. प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र गावातल्या मोठ्या शाळेत होतं, आणि या तुकडीत वस्तीच्या शाळेतली ती एकटीच. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब होता. त्यात दिसेल त्या जीवाचं चित्र काढायचं होतं.

"अगं, हात लाव. चावत नाही ते," परीक्षक म्हणाले. दोघीतिघी फिसकन हसल्या.

भिंगरी वाकली. एकदा डावा डोळा लावला, एकदा उजवा. मग वरची नळीच धरून फिरवायला लागली.

दारात उभ्या असलेल्या तिच्या बाईंना राहवेना. त्या सरळ आत शिरल्या.

"कुठला स्क्रू फिरवायचा, एवढंच सांगते तिला."

"बाहेर थांबा, बाई. तुम्हीच सांगितलंत तर परीक्षा कसली?"

"तेच विचारतेय, सर. पोरीनं जे जन्मात पाहिलं नाही, त्याची परीक्षा कसली?"

"मग शाळेत दाखवायचं होतंत."

"प्रयोगशाळेचं कपाट आहे आमच्याकडे. त्यात झाडू ठेवतो. मागून मागून तोंड दुखलं, वरून एकच उत्तर. पोरं कमी आहेत म्हणे."

परीक्षकांनी मान खाली घातली. "मला का सुनावताय? मला फक्त मार्क द्यायचेत."

बाई तणतणत बाहेर आल्या. वळून पाहिलं, तर भिंगरीचा हात एका स्क्रूवर थांबला होता. पुढे घंटा होईपर्यंत ती जागची हललीच नाही.

कागद कोराच राहिला.

व्हरांड्यात बाईंचा पारा चढला. "अगं, झोपेतसुद्धा काढशील ते चित्र! फळ्यावरून किती वेळा गिरवून घेतलंय! हातचे मार्क घालवलेस ना?"

"काढणारच होते, बाई. पण ते पळत होतं."

"काय पळत होतं?"

"थेंबातलं. थांबतच नव्हतं. जिवंत असतं ते, मला माहीतच नव्हतं."

मोठ्या शाळेतल्या मुली गप्पा मारत शेजारून गेल्या. भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली.

"या पोरींनी एकदा डोळा लावला न लावला, की लगेच चित्र काढायला बसल्या. बाई, यांना ते रोज बघायला मिळतं का?"

"चल, उशीर होतोय," तिच्याकडे न बघताच म्हणत बाईंनी तिचं मनगट धरलं आणि जवळजवळ ओढतच तिला फाटकाकडे नेलं.