कानसेनांची परीक्षा

कानसेनांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली, डोळे मिटले आणि बायकोला बजावलं, की स्पीकरची वायर बदलताना अवाक्षर काढायचं नाही. उत्तर बरोबर आलं तर खांद्यावर हात ठेवायचा, बस्स.

टेबलावर दोन अँप्लिफायर होते. एक जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, नवा कोरा. दुकानदार संध्याकाळी येऊन नको असलेला परत नेणार होता. पण अँप्लिफायर हे निमित्त होतं. कानसेनांनी उभा जन्म रेकॉर्डिंगच्या खोलीत काढला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी पास केलेल्या गाण्यात विजेची बारीक गुणगुण राहिली आणि मालकांनी त्यांना ‘थोडी विश्रांती घ्या’ म्हणून घरी बसवलं. दोष कानांचा की तिथल्या यंत्राचा, हे आज त्यांना ठरवायचं होतं.

गाणं सुरू झालं. “ट्रान्झिस्टर,” ते म्हणाले. “स्वच्छ आहे, पण कोरडा.”

तिनं खांद्यावर हात ठेवला. वायर बदलली.

“व्हॉल्व्ह. आता बाई समोर बसून गातेय.”

पुन्हा बरोबर. तिच्या जिवात जीव आला. कान शाबूत होते, मालकांच्याच डोक्यावर परिणाम झाला होता. आनंदाच्या भरात तिनं तिसऱ्यांदा वायर उपसली आणि घाईघाईनं भलत्याच भोकात खुपसली.

खोली चिडीचूप झाली.

ती चूक सुधारायला वाकली, तेवढ्यात तिची नजर त्यांच्याकडे गेली. डोळे आता नुसते मिटलेले नव्हते, घट्ट आवळलेले होते. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. वायर लागली नसेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. संशय होता तो फक्त स्वतःवर. मग गुडघ्यावर त्यांची बोटं हलायला लागली. ते ठेका धरत होते.

“व्हॉल्व्ह,” ते म्हणाले. आवाज कापत होता. “काय गोडवा आहे बघ.”

काही वाजतच नव्हतं म्हणावं, तर आयुष्यभर कानाला खरं वाटेल तेच बोलणारा माणूस तिच्यादेखत खोटा पडणार. न म्हणावं, तर कान कायमचे गेले असं धरून तो बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. वायर हातात धरून ती नुसती उभी राहिली.

“आवाज जरा कमी कर,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांना त्रास व्हायचा.”

तिनं बटण डावीकडे फिरवलं.

“हां. आता ठीक आहे.”

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.