श्रीपादरावांना इटलीला नेलं

"माणूस मेला की तो तुमच्या मालकीचा, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत? तो कुठल्या मातीत झोपणार, हे सांगणारे तुम्ही कोण?"

"कोणाशी बोलताय आई?" पुढच्या सीटवरून नीलिमाने विचारलं.

"त्या ऑफिसवाल्यांशी," वसुधाताई म्हणाल्या. "समोर होते तेव्हा नुसतं त्यांच्या भाषेत हो, हो करत मान हलवत बसले मी."

प्रणव गाडी चालवत होता. त्याला हसू आलं नाही.

प्रणवचे वडील श्रीपादराव श्रावणात गेले. इथल्या, जर्मनीतल्या नियमाने अस्थी घरच्यांच्या हातात मिळत नाहीत, कलश थेट दफनभूमीत जातो. म्हणून प्रणवने हॉलंडमध्ये दहन केलं. तिथे कलश हातात देतात. पण तो त्सुफेनहाउझेनच्या घरात आणून ठेवणं, हाही गुन्हाच. बाप घरात आहे हे बापाच्या पोराने लपवायचं.

निवृत्तीनंतर श्रीपादराव दर ऑक्टोबरला इटलीचा बेत आखायचे. आधी व्हेरोना, तिथली जुनी चर्चं, चित्रं, रोमन रंगमंडल. मग टेकड्यांवरचे द्राक्षमळे आणि खाली आदिजे नदी. बेत कधी जमला नाही. प्रणव म्हणाला, सियाला, मुलीला, सुट्टी आहे, या वेळी नेऊच. नदीत सोडू.

राख स्टीलच्या डब्यात न्यायची कल्पना वसुधाताईंची. भाड्याच्या घरात उतरणार, म्हणून पिठांचे डबे बरोबर होतेच. त्यात एक जास्त. सगळे रुखवतातले, एकाच घाटाचे. निघायच्या सकाळी त्यांनी स्वतः डबा भरला, झाकण कापडाने बांधलं आणि प्रणवच्या हातात दिला. तेवढ्यात वरच्या खोलीत भाड्याने राहणारी वैभवी किल्ली घ्यायला स्वयंपाकघरात आली. पीएचडी करणारी पोरगी, घराकडे तीच बघणार होती. वसुधाताईंनी ओट्यावर उरलेला एक डबा घाईने फळीवर सरकवला.

आल्गॉयमध्ये, सीमेच्या अलीकडे, एक पोलिसगाडी पुढे आली. तिच्या मागच्या काचेत अक्षरं पेटली, मागे या.

"संपलं," प्रणव म्हणाला.

"कुठून आलात, कुठे चाललात, एवढंच विचारतील. चेहरा नीट कर," नीलिमा म्हणाली. तिचेच ओठ पांढरे पडले होते.

पोलीसबाईने डिकी उघडायला लावली. खोका पुढे ओढला. एक डबा उघडला, दुसरा उघडला. मग कापड बांधलेला घेतला. गाठ सोडली.

"हे काय?"

"मेल," नीलिमा म्हणाली. पीठ.

बाईने हातमोज्याच्या बोटावर चिमूटभर घेतलं. चोळलं. हुंगलं. प्रणवने गाडीचा दरवाजा घट्ट धरला.

"मेल. गेनाऊ," बाई म्हणाली. बरोबर, पीठच. तिने झाकण लावलं.

गाडी हमरस्त्याला लागली. मग नीलिमा म्हणाली, "आई, तुम्ही अजिबात घाबरला नाहीत."

वसुधाताई फोन लावत होत्या.

"वैभवी, जेवलीस का? काय खाल्लंस? ... बाहेरच खा हं. चुलीला हात लावू नकोस, शॉक बसतो."

"चुलीच्या प्लाटे ठणठणीत आहेत आई," प्रणव म्हणाला.

"तुला काय कळतंय."

व्हेरोनात सगळं पाहिलं. रंगमंडलाच्या पायऱ्यांवर वसुधाताई फोन धरून बसल्या. चर्चमध्ये नवऱ्याच्या नावाने मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन पुन्हा फोन.

"एवढी काळजी माझी कधी नाही केलीत," नीलिमा म्हणाली. "बाळंतपणातसुद्धा मीच भात लावत होते."

"ती परकी पोर आहे. तिला काही झालं तर?"

तिसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यांखाली नदीकाठी उतरले. वेलींची पानं तांबडी झाली होती. पलीकडे एक माणूस गळ टाकून बसला होता आणि यांच्याकडेच बघत होता. प्रणव घाईघाईने गुडघाभर पाण्यात शिरला. तीळ, तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. मग डबा उपडा केला. करडा थर पाण्यावर पसरला. ओल्या बोटांना चिकटला, ती त्याने दगडावर घासून धुतली.

"आजी, एन्टन," सिया म्हणाली. बदकं आली होती. भराभर चोची मारत होती.

नीलिमाने तिला मागे ओढलं. प्रणव मात्र रडायलाच लागला. "इथे कावळा कुठून येणार? बाबांनी घास घेतला, आई. सुटले ते."

वसुधाताईंनी पदर तोंडाला लावला. "मला आजच घरी ने," म्हणाल्या.

"उद्या निघतोय ना."

"वैभवी सकाळपासून फोन उचलत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सीमेवर कोणी अडवलं नाही. प्रणव शीळ घालत होता. उल्मच्या अलीकडे कॉफीला थांबले तेव्हा वैभवीचा निरोप आला. वसुधाताईंना कमी ऐकू येतं. निरोप गाडीभर वाजला.

"काकू, फोन सायलेंटवर होता, सॉरी. आणि शॉकबिक काही बसला नाही. आल्झो, म्हणजे, रोज बाहेरचं खाऊन कंटाळले, म्हणून काल लॅबमधल्या दोघांना घरी जेवायला बोलावलं. तुमच्या फळीवरचं नाचणीचं पीठ घेतलं हं. भाकरी थापताच येईना, नुसती फुटायची. मग कणीक, कांदा घालून थालीपिठं लावली. जरा कचकच लागली, पण सगळ्यांनी खाल्ली."

वसुधाताईंनी फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"वैभवी, डबा हातात घे. झाकण काढ."

"काय झालं काकू? आणून ठेवते ना नवीन पीठ."

प्रणवने मागे वळून आईकडे पाहिलं.

"झाकण काढ," वसुधाताई म्हणाल्या, "आणि मला सांग, तुझे काका किती उरलेत त्यात?"