हुक लावायचे राहिलेत

कराडात लेडीज टेलरिंगचं दुकान चालवणाऱ्या कुंदाताईंनी दुकानाच्या मेसेजसाठी एक नंबर पसंत केला. नोंदणी खिडकीतली मुलगी म्हणाली, "मावशी, धंद्याचा नंबर आता फक्त खरं बोलतो हं. गेलेला मेसेजही खरा, आलेला मेसेजही खरा."

"मग मी काय खोटं बोलते होय गं?" कुंदाताई फणकारल्या आणि अंगठा देऊन मोकळ्या झाल्या.

दुकानात येताच त्यांनी सविता वाघचौरेंना सवयीनं लिहिलं, "ब्लाऊज तयार आहे, फक्त हुक लावायचे राहिलेत."

बटण दाबलं आणि डोळ्यांदेखत अक्षरं बदलली. "ब्लाऊज अजून कापलेलाही नाही. कापड कुठं ठेवलंय, तेही आठवत नाही."

मेसेज गेलासुद्धा! सविताबाईंच्या पुतणीचं लग्न परवावर आलेलं. इतकं जुनं गिऱ्हाईक आता हातचं गेलंच! कुंदाताई घाईघाईनं गाठोडी उपसू लागल्या, तेवढ्यात उत्तर आलं.

"सावकाश शिवा ताई. लग्न दिवाळीनंतर आहे. परवा म्हटल्याशिवाय तुम्ही कापडाला हात लावत नाही, म्हणून दरवेळी कुणाचं तरी लग्न काढते."