झोपेची डबी

औषधाची चाचणी संपली, तरी हेमलताकाकूंनी कॅप्सूलची डबी पदराखाली घट्ट धरली होती. "परत मागू नका हो. हे गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता. हिच्यामुळे झोपायला लागले."

तरुण डॉक्टर अवघडली. "काकू, मॅग्नेशियमनं झोप लागते का, तेच तर आम्ही तपासत होतो. निम्म्यांना मॅग्नेशियम दिलं, निम्म्यांना नुसतं पीठ. तुमच्या डबीत पीठ होतं."

काकूंनी डबी टेबलावर ठेवली. डॉक्टर सुटल्यासारखी हसली, तोच काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"पीठ माझ्या घरातही आहे गं. पण तू रोज सकाळी फोन करून 'काकू, झोप लागली का?' म्हणून विचारायचीस, तसं विचारणारं कुणी नाही. फोन तेवढा बंद करू नकोस."